दारवानाला वर्दी

२ मार्च

चि. ढमीस,
अ. उ. आ.

कानातलं यंत्र बसवलं आणि घराचा कारखाना झाला. चमचा ठेवला तरी पत्रा कोसळल्यासारखं वाटतं, पेपरचं पान उलटलं की दचकतो. सगळं ऐकू येतं, फक्त माणसं काय बोलतात तेवढंच कळत नाही. तुझी आई बोलते तेव्हा कुणी वाळू चाळतंय असं वाटतं. हे मी तिला सांगितलं, ती चूक झाली.

कानाचे डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत पटलं नाही तर परत करा. मी करणार आहे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण बिघडलेलं यंत्र कधी गिऱ्हाइकाच्या माथी मारलं नाही. ते स्वतःच्या कानी का मारून घेऊ? वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. फोनवर तुझा आवाज ऐकायचा होता. आता आपलं पत्रावरच भागवायचं.

तिकडे प्रयोगशाळेतल्या उंदरांवर आहे तेवढाच लोभ आमच्यावरही असू दे.
तुझा, बाबा


८ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र परत करू नका. आधी माझ्या उंदरांनी शिकवलेलं ऐका. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा एक दारवान बसतो. कानाडोळ्यांकडून आलेलं सगळं तो वरच्या थराकडे पाठवतो. तिथे मालक बसतो, तो अर्थ लावतो. गंमत म्हणजे खालून वर जाणाऱ्या तारांपेक्षा वरून खाली उतरणाऱ्या कितीतरी जास्त. मालक सारखा वर्दी देत असतो, याला आत घे, त्याला थांबव, आज अमुक येणार आहे. तुमच्या मालकाने कित्येक वर्षांत धड बोलणं ऐकलेलं नाही. तो वर्दी तरी कसली देणार?

तर असं करा. दोघं शेजारी बसा, आईने हे पत्र मोठ्याने वाचावं आणि तुम्ही ओळींवर बोट फिरवत ऐकावं. काय येणार ते मालकाला आधी कळू दे. रोज करा आणि भांडू नका.

जमेल तेव्हा घरी येते. माया आहे तशीच असू द्या.
आपली, ढमी


२० मार्च

चि. ढमीस,
अ. उ. आ.

आधी वाळूच होती. मग 'दारवान' ऐकू आला, मग 'उंदीर'. आता डोळे मिटूनही सगळं पत्र लागतं. तुझ्या आईचा आवाज अजून तसाच आहे गं, लग्नाआधी दुकानात घड्याळाचा पट्टा बदलायला यायची तेव्हाचा. मला फार बरं वाटलं.

पण काल फजिती झाली. वाचून संपल्यावर मी म्हणालो, आज तर शेवटचं 'घरी येते' अगदी खणखणीत आलं. तिने पत्र खाली ठेवलं आणि म्हणाली, ते मी वाचलंच नाही. ही ढमी दरवेळी तेच लिहिते आणि येत नाही, म्हणून तिने रागाने ती ओळ गाळली होती. मी शपथेवर सांगतो, मी ती ऐकली, तिच्याच आवाजात. मग मी यंत्राने ऐकतोय की मनाने? असल्या यंत्राचा काय भरवसा? एकतीस तारखेला परत करतो.

राग नको, लोभ हवा.
तुझा, बाबा


२५ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या मार्गदर्शक बाई खुर्चीतून उठल्याच. माणसाचं सगळं काही उंदरांवरून सांगता येत नाही, पण मला विचाराल तर मालकाची वर्दी इतकी ठाम होती की दारात कुणी न येताच पाहुणा आत आला. म्हणजे मालक जागा झालाय, बाबा.

चूक माझी. एकच पत्र रोज वाचायला लावलं, ते तुम्हाला पाठ झालं. आता आईने हाताला लागेल ते वाचावं. रविवारी सकाळी मी फोन करते. काय बोलणार ते मात्र लिहीत नाही. आणि या वेळी शेवटची ओळही लिहीत नाही, आईला गाळायचा त्रास नको.

भरवसा ठेवा, माझ्यावर आणि यंत्रावरही.
आपली, ढमी


२९ मार्च

चि. ढमीस,
अ. उ. आ.

यंत्र परत करत नाही, हे आधी सांगून टाकतो.

काल फोन वाजला तेव्हा तुझ्या आईच्या आधी मीच उचलला. तू म्हणालीस, उंदराने मुख्याध्यापकांची छत्री गिळली. असलं काही कुठला मालक आधी ओळखणार? मी विचारलं, उघडी की मिटलेली, आणि तू हसलीस. ते हसू ऐकून माझे डोळे भरले.

मग तू हळूच म्हणालीस की इथल्याच विद्यापीठात तुला प्रयोगशाळा मिळाली आणि जूनमध्ये तू कायमची घरी येतेस. वाटलं, झालं, मालक पुन्हा हवं ते ऐकवायला लागला. एकदा तोंडघशी पडलो होतो, म्हणून एक अक्षर न बोलता रिसीव्हर तुझ्या आईकडे दिला. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला ऐकूच आलं नाही.

फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं, काय म्हणाली? ती म्हणाली, घरी येते म्हणाली. मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं, तरी.

आता लोभ पत्रात मागत नाही, जूनमध्ये समक्षच घेईन.
तुझा, बाबा