फडताळातली पेटी

६ जाने. ७४, रवि. कराड.
सौ. बाजाराला गेली तेवढ्यात मोहीम फत्ते. सांगलीहून आणलेला बारा इंची स्पीकर रघू सुताराने केलेल्या लाकडी पेटीत बसवला आणि ती अख्खी पेटी पुढच्या खोलीतल्या फडताळात, तळाला, गोधड्यांच्या मागे ढकलली. रघू म्हणाला, "हवालदार, भिंतीला टेकवू नगा. खाली पोतं घाला, न्हाईतर भिंत बोलंल." पोतं घातलं तर फडताळाचं दार लागेना. टेकवली. बावीस वर्षं मिलिटरीत वायरलेस सेट लपवले, आता सुतार मला शिकवणार!
लपवायचं कारण, सौ.चा हुकूम. "आता ह्या घरात आणखी एक डबडं आलं, तर ते ऱ्हाईल न्हाईतर मी." दोन रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आधीच आहेत. बाईचं चुकत नाही. पण पखवाज छातीत वाजला पाहिजे, त्याला मी काय करू.

८ जाने., मंगळ.
सकाळी पखवाजाची तबकडी लावली. काय आवाज! खुर्चीचे हात थरथरले. तोच सौ. स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत. "आवं, भायेर चला! भांडी वाजत्यात!" मला दंडाला धरून अंगणात ओढलं. ओरडा ऐकून शेजारच्या शांताक्काही बाहेर. मीसुद्धा घाबरलो. कोयनेच्या बाजूने कधी हादरेल, काय सांगावं. उभे राहिलो सगळे. आत तबकडी चालूच.
मग डोक्यात प्रकाश पडला. फडताळाच्या पलीकडे, त्याच भिंतीला, भांड्यांची मांडणी.
हसू आलं होतं. सौ.चं तोंड बघून जिरलं.

९ जाने., बुध.
आज सांगणारच होतो. उठून बघतो तर अंगणात पत्र्याखाली तीन दगडांची चूल मांडलेली. अंथरूणही तिथंच. आत पाऊल टाकायला तयार नाही.
तिचं माहेर पाटणच्या वर. भूकंपाच्या पहाटे आधी नुसती भांडी वाजली. मांजर असेल म्हणून तिने कूस बदलली. मग भिंत आली. धाकटा भाऊ पांडू भिंतीखाली गेला. सहा वर्षं झाली, त्याबद्दल माझ्याशी एकदाच बोलली. "त्याला हाक मारली असती तर..."
आता कोणत्या तोंडाने सांगू की पेटी होती?
पेटीची वायर काढून ठेवली. तेवढंच जमलं.

१४ जाने., सोम. संक्रांत.
हळदीकुंकू अंगणात. सौ. एकाही बाईला छताखाली बसू देईना. शांताक्का तर त्या दिवसापासून बाहेरच निजतात, आता समोरच्या दोघीही. "तुज्यामुळं सावध झालो गं," म्हणून सगळ्या तिचं कौतुक करत होत्या. मी चहा देत फिरत होतो. माझ्याही हातावर तिळगूळ ठेवला. गुपचूप खिशात टाकला.
थंडी फार. सौ. खोकते.

१७ जाने., गुरु.
खोकला वाढला, अंगात ताप. डॉक्टर म्हणाले, घरात झोपवा. ऐकत नाही. मी आवाज चढवला, तर म्हणाली, "तुमी निजा आत. मला जगायचं हाय."
रघूकडे जाऊन सगळं ओकलो. आधी पोट धरून हसला. मग रंधा खाली ठेवला. "वैनीला ताप आलाय आन तुमी पेटी झाकताय व्हय? आजच्या आज सांगा, हवालदार."
आज नाही जमलं. बावीस वर्षांची मिलिटरी गेली कुठे?

१८ जाने., शुक्र.
सांगितलं. हात धरून आत आणली, गोधड्या काढल्या, पेटी दाखवली.
"लावा."
लावली. पलीकडे भांडी वाजली. ती दारात, पदर मुठीत.
"पुन्यांदा."
तीन वेळा लावली. मग खाली बसली, पेटीवर तळहात ठेवला आणि रडली. "दहा दीस मला भायेर निजवलं तुमी. दहा दीस पांडू डोळ्यांम्होरं हुता." स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.
संध्याकाळी चूल आत आली. माझ्याशी बोलणं बंद.

२७ जाने., रवि.
ताप गेला. अबोलाही सुटला, पहिलं वाक्य हुकूमच. "ती पेटी भायेर काडा. ह्या घरात लपवाछपवी न्हाई." आता पेटी पुढच्या खोलीत, त्याच भिंतीला. वर तिने विणलेला रुमाल. मी खाली पोतं घालायला निघालो तर अडवलं. "नगं. वाजू द्या भांडी. कशानं वाजत्यात ते मला ठावं हाय आता."
शांताक्कांना तिनेच सांगितलं. गल्लीभर माझी शोभा. होऊ दे.

१० फेब्रु., रवि.
दुपारी प्लेअरची सुई पुसत बसलो होतो. सगळं बंद. प्लग काढून हातात घेतलेला.
मांडणी वाजली. आधी बारीक, मग चांगलीच. टेबलावरचा पेला सरकला. मी ओरडायला तोंड उघडलं, तोच आतून, "आवं, बारीक करा की जरा!"
थांबलं.
"बरं," म्हणालो. प्लग हातातच होता.
तेव्हा मांजर म्हणून झोपली. आज पेटी म्हणून भाकरी थापत राहिली. आणि हे मी शिकवलं तिला. शांताक्का सांगलीला लेकीकडे गेल्यात, उद्या येतील. गल्लीत कुणीतरी बोलेलच. त्याआधी मीच सांगायला हवं.
आत ती गुणगुणते आहे. सहा वर्षांत ऐकलं नव्हतं.
दोनदा उठलो. दारापर्यंत जाऊन परत आलो.