सलगमाच्या बियांची पुडी

एल्क फोर्ड, विस्कॉन्सिन
१२ फेब्रुवारी १९१२

ती. बाबांस,
सिग्नेचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या गाड्यांच्या कारखान्यात लोक अजून तुमचीच चौकशी करतात. प्रतिनिधिगृहावर निवडून आल्यापासून तुम्ही दोनदाच घरी आलात, तेही सभांसाठी. आई गेल्यावर या घरात मीच बोलते आणि मीच ऐकते.

डाकोटातल्या एका शाळेने मला शिक्षिका म्हणून बोलावलं आहे. पंधरा मार्चच्या आत होकार कळवायचा आहे. घरात शाळा पुरी केलेली मी पहिलीच, म्हणून जावंसं वाटतं. पण घर बंद करून जाणं बरोबर का, ते तुम्हीच सांगा. रान्डीआत्या म्हणते, बाप वॉशिंग्टनला, लेक डाकोटाला, मग चुलीपुढे काय मांजर बसवायचं?

माया आहेच, ती चार ओळींनी कळवावी.
सिग्ने

वॉशिंग्टन
२४ फेब्रुवारी १९१२

सन्माननीय नागरिक,

आपलं पत्र पोचलं. आपल्या अडचणीकडे माझं जातीनं लक्ष आहे. सोबत सरकारी बियाणं: सलगम, एक पुडी.

आपला सेवक,
हाल्वर ब्रेके, प्रतिनिधिगृह

एल्क फोर्ड
१ मार्च १९१२

ती. बाबांस, सा. न.

छापील पत्र आणि बी मिळालं. बी परत पाठवते आहे. ते सभासदांनी मतदारांना फुकट वाटायचं असतं आणि आम्हा बायकांना मत कुठे आहे? एखाद्या शेतकऱ्याला पुडी कमी पडायला नको.

माझं पत्र तुम्ही पाहिलंच नसेल, असं मी मनाला समजावते. की पाहिलं, आणि हेच उत्तर? आत्या म्हणाली, पेर, आणि वर्षभर बापाची माया शिजवून खा. मला हसू आलं नाही.

काही चुकलं असेल तर पोटात घालावं.
सिग्ने

वॉशिंग्टन
६ मार्च १९१२

चि. सिग्नेस अनेक आशीर्वाद.

परत आलेली पुडी कारकुनाच्या टेबलावर दिसली आणि तुझं अक्षर ओळखलं. पहिल्या पत्राच्या पाकिटावर तू 'माननीय सभासद' असं नीटनेटकं लिहिलं होतंस, म्हणून त्याने ते नागरिकांच्या गठ्ठ्यात टाकलं होतं; ते आता शोधून वाचलं. त्याला बोललो नाही. रोज तीनशे पत्रांवर माझं नाव जातं, त्यातलं एकही मी लिहिलेलं नसतं. कारखान्यात चाक करकरलं की गाडी कोणाची, ते मला न बघता कळायचं. इथे खाणावळीत शेजारी बसणाऱ्याचं नावही ठाऊक नाही.

'जाऊ नकोस, थांब,' असंच लिहायला बसलो होतो. परत येईन तेव्हा घरात दिवा असावा म्हणून. पण कधी येईन, ते मलाच सांगता येईना. तू जा. आजच होकार कळव.

निघताना घराला कुलूप लाव. किल्ली रान्डीकडे ठेवू नकोस, मला पाठव. खिशात काहीतरी घरचं असू दे.

तुझा,
बाबा