आईचं हिरवं लुगडं

गुरुवार, १७ जानेवारी १९७४

संक्रांतीला माहेरी आले आणि आज काय करून बसले. आई जाऊन तीन महिने झाले. तिची म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हवत नाही, म्हणून आबा तिचं हिरवं लुगडं अंगावर घेऊन धार काढायला बसतात. हे मला ठाऊकच नव्हतं. सकाळी गोठ्यात खुंटीवर शेणानं माखलेलं लुगडं दिसलं. आईचं लुगडं, आणि असं? राग आला. सोडा लावून, दोनदा खळबळून वाळत घातलं. विचारायचं तरी होतं कुणाला.

संध्याकाळी आबा तेच लुगडं घेऊन बसले. म्हशीनं हुंगलं आणि लाथ झाडली. किटली रिकामीच राहिली, डेअरीची वेळ टळली. मी रडायला लागले, तर आबाच म्हणाले, "गप गं. मुकं जनावर हाय, चार दिसांत इसरंल."

चुलीपाशी बसून लिहितेय. आबा अजून गोठ्यातच आहेत. मघाशी जेवायला हाक मारायला गेले, तर धुतलेलं लुगडं मांडीवर घेऊन ते त्याची एकेक घडी हुंगत होते.