लेकीच्या आवाजासाठी स्पीकर

उस्ताद,

फार उशिरा लिहितो आहे, माफ करा. उस्मानपुऱ्यातल्या तुमच्या भोंगे-स्पीकरच्या दुकानाच्या जागी आधी झेरॉक्सवाला आला, मग मोबाइलवाला आला, आणि आता ती अख्खी रांगच पाडून वर चार मजले चढले आहेत. मधल्या इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होता तेव्हाही लिहिली नाही. चितेगावच्या कंपनीत लागल्यावर दुकान सोडलं, तेव्हा वाटलं होतं की एक पत्र टाकावं. पण तुम्हाला मराठी बोलता यायची, वाचता यायची नाही. म्हणजे ते पत्र तुम्ही शेजारच्या पंक्चरवाल्याकडून वाचून घेतलं असतं, आणि माझं अक्षर पाहून तो गल्लीभर हसला असता. आता ती भीती राहिली नाही. काम तुमच्याच धंद्यातलं आहे, म्हणून कागद घेऊन बसलो.

आमची एकच मुलगी. ती आता फार लांब, समुद्रापलीकडे असते, नवऱ्याबरोबर. जाताना तिचा कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेली आणि मला दोन बटणं शिकवून गेली. रविवारी सकाळी तिचा चेहरा पडद्यावर येतो. चेहरा स्वच्छ दिसतो, पण आवाज पडद्याच्या पाठीमागच्या बारीक भोकांतून येतो, डब्यात माशी अडकल्यासारखा. मला त्यातले शब्द कळतात. तुमच्या बहूला कळत नाहीत. तुम्ही हिला बहू म्हणायचा, म्हणून तसंच लिहितो. हिचे कान वयानं मंद झाले आहेत, पण तसं म्हटलेलं हिला खपत नाही. "कान चांगले हायेत माझे. तुमचं यंत्रच पुटपुटतं," म्हणते. मुलगी बोलत असली की ही नुसती मान हलवते, हसते, बरं बरं म्हणते. एकदा मुलीनं विचारलं, "आई, ऐकू येतंय ना?" ही म्हणाली, "येतंय गं." "मग मी काय विचारलं, सांग बरं?" ही म्हणाली, "जेवले ना, आत्ताच जेवले." मुलीनं गुडघ्याचं विचारलं होतं. तिघंही हसलो. पण पुढच्या रविवारपासून बोलणं आखूड होत गेलं. मग एकदा मुलगी मला म्हणाली, "बाबा, आईला कशाला उठवता? तिला सांगा, मी मजेत आहे." आणि ही सुद्धा रविवारी नेमकी त्याच वेळेला टाकी बघायला गच्चीवर जायला लागली. यंदाही पाऊस नाही, नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, टँकरची वाट बघावी लागते हे खरं आहे. पण रिकामी टाकी सारखी बघून भरत नाही. माय-लेकी एकमेकींना सोडत चालल्या होत्या आणि मी मधे निरोप्यासारखा बसलो होतो. मला धास्ती बसली, उस्ताद. मी ठरवलं की चांगले स्पीकर आणायचे.

आणि तिथंच मी पहिली चूक केली, तीही तुमच्याकडे शिकलेला माणूस म्हणून केली. बहात्तरच्या दुष्काळात आमची मेंढरं चाऱ्यावाचून गेली आणि मी पाचोडकडून शहरात आलो, तुमच्या दुकानात टिकलो. तेव्हा तुम्हाला गावोगाव बोलवायचे, बाजाराच्या दिवशी भोंग्यावरून सांगायला, की कुठल्या गावाला दुष्काळी काम निघालं आहे, खडी फोडायला माणसं कुठं घेतात. पाचोडच्या बाजारात तुम्ही लिंबाला भोंगा बांधला आहे आणि मला म्हणता, चालत जा, शेळ्यांच्या बाजाराच्या पलीकडे जा आणि ऐकून ये. मी ऐकून येतो. "ऐकू आलं, उस्ताद." तुम्ही विचारता, "क्या सुना?" मी म्हणतो, "आवाज." "आवाज तो बकरी का भी आता. लफ्ज़ क्या सुना, वो बोल." मला एक शब्द सांगता येत नाही. तुम्ही भोंग्याजवळूनच, सगळ्या बाजारात ऐकू जाईल असं म्हणता, "कल जिसकू काम पे जाना है, वो खाली आवाज सुनके कहाँ जाएगा रे? तेरे घर जाएगा, रोटी मांगने?" सगळा बाजार हसतो. माझे कान तापतात. मी पुन्हा जातो, शेळ्यांच्या पलीकडे उभा राहतो, आणि शब्द पाठ करत परत येतो.

आता बघा, त्यातलं माझ्या ध्यानात काय राहिलं? लांबून ऐकायचं, एवढंच राहिलं. स्पीकरच्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीतला, बोलका माणूस. त्यानं एक जोडी लावली आणि मी पायरी उतरून चालायला लागलो.

"काका, कुठं निघाले? पसंत नाय का?"

"तू लाव. मी रस्त्याच्या पलीकडून ऐकतो."

"पलीकडून? अहो, घरात लावायचे का वरातीत?"

मी पलीकडे जाऊन उभा राहिलो. मधून रिक्षा, टेम्पो जात होते. हात वर करून त्याला खूण केली, दुसरी जोडी लाव, तिसरी लाव. ज्या जोडीचा आवाज टेम्पोवरूनही माझ्यापर्यंत आला, ती घेतली. पुढून निळे दिवे, खाली धडधडणारा एक वेगळा डबा. दुकानदार म्हणाला, "काका, गल्ली नाचंल." मी खूश होऊन घरी आणली. रविवारी मुलगी बोलायला लागली तशी काचेच्या कपाटातल्या कपबशा थरथरल्या. हिनं पदर कानाला लावला. "अहो, ही काय हौदात उतरून बोलतीया का?" आवाज होता, ढीगभर होता. शब्द सगळे त्या धडधडीखाली गाडले गेले होते. ही उठून गच्चीवर गेली.

त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही. परत घेईल की नाही, हिनं आता बसायचंच सोडलं तर, मुलीला वाईट वाटलं असेल का, हेच डोक्यात. शेवटी डबे पोत्यात घालून दुकानात गेलो. दुकानदार भला, बदलून देतो म्हणाला. या वेळी मी पायरी उतरलो नाही. खुर्ची मागून घेतली आणि हातभर अंतरावर बसलो, आमची मंडळी पडद्यासमोर बसते तसा. गाणं नको, कोणी साधं बोलत असलेलं लाव म्हणालो. त्यानं बातम्या लावल्या. मी डोळे मिटून एकेक शब्द मोठ्यानं परत म्हणायला लागलो. जिथं स आणि श वेगळे लागत नव्हते, तिथं नको म्हणायचो.

"काका, परीक्षा हाय का तुमची?"

"व्हय," मी म्हणालो.

शेवटी साधी जोडी घेतली. लाकडी पेट्या, अंगानं जड, बोटानं ठोकल्या तर पोकळ न वाजणाऱ्या. दिवे नाहीत, धडधड नाही. सोबत एक लहान ॲम्प्लिफायर, त्याच्यावर जाड आवाज कमी करायचं निराळं बटण. दुकानदाराला वाटलं असेल की म्हातारा चांगला माल सोडून साधा घेऊन चालला.

जोडताना माझी भीती तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही म्हणायचा की हा बंद मशीनलाही हात लावताना झटका बसल्यासारखा करतो. कॉम्प्युटरच्या पाठीमागं तीन रंगांची तीन भोकं. घाबरत घाबरत गुलाबी भोकात पिन घातली आणि काहीच वाजेना. वाटलं, जाळलं मी. मुलीला फोन लावला, तर ती म्हणाली, "बाबा, हिरवं. गुलाबी माइकचं असतं. काही जळलं नाही." पेट्यांची वायर आखूड पडली. मग माळ्यावरून माझी जुनी वायर काढली, तुमच्या दुकानातलीच, दोन्ही तारा पांढऱ्या असलेली. ती सोलून चापांत अडकवली. एक पेटी पडद्याच्या डाव्या बाजूला, एक उजव्या. खाली ज्वारीचे पत्र्याचे डबे ठेवले होते, ते खणखणायला लागले, म्हणून पेट्यांखाली पाट घातले. आता पेट्या बरोबर हिच्या कानाच्या उंचीला आल्या. कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण ठेवला आणि ॲम्प्लिफायरचं बटण अर्ध्यावर.

तरी आवाज जुळेना. फुटका नव्हता, बारीकही नव्हता. पण पातळ, जागा नसलेला, सगळीकडून येतो आणि कुठूनच येत नाही. हिनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पोरगी समोर दिसतीया अन् बोलतीया भिंतीतून." मुलगी तिकडून म्हणाली, "बाबा, राहू द्या आता. कशाला एवढा त्रास करून घेता?" तिचा आवाज दमलेला होता. मी आणखी घाईघाईनं वायरी हलवल्या. काही उपयोग झाला नाही.

दोन-तीन दिवस मी पेट्यांसमोर नुसता बसून राहिलो. पेट्या जवळ ठेवल्या, लांब ठेवल्या, तोंडं फिरवली. मग एका दुपारी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून सेल काढला आणि सेल हातात घेऊन तसाच उभा राहिलो. डोळ्यांपुढे तुम्ही आलात: दुकानात मांडी घालून बसला आहात, ओठात विझलेली बिडी, मांडीवर उघडा स्पीकर. सेलच्या दोन वायरी स्पीकरच्या दोन टोकांना लावता. खट् होतं आणि स्पीकरचा कागदी पडदा पुढे येतो. "देख, बाहर आया. ये टोक लाल." दुसरा स्पीकर घेता, त्याचा पडदा आत जातो. "ये उल्टा है. इसकू ऐसाच लगाया तो एक ढकेलेगा, एक खींचेगा. बीच में आदमी की आवाज मर जाएगी." भोंगे आम्ही एक या टोकाला आणि एक त्या टोकाला बांधायचो, दोघांच्या मधे कोणी बसून ऐकत नसे, म्हणून हा धडा मला कधी कामी आला नव्हता. मी पेट्यांच्या जाळ्या काढल्या. ॲम्प्लिफायरमधून सोडवलेल्या वायरींना सेल लावला. डावीचा पडदा बाहेर आला, उजवीचा आत गेला. दोन्ही पांढऱ्या तारा, मी एक जोडी उलटी लावली होती. ती बदलली, लाल चिंधी बांधून खूण केली आणि बातम्या लावल्या. बातम्या सांगणारी बाई दोन पेट्यांच्या बरोबर मधे येऊन बसली. मला तुमचा आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटलं, आणि मी एकटाच हसलो.

रविवारी हिला जिन्यातून परत आणलं. "टँकर येईल तेव्हा येईल. बस जरा." ही हात पुसत बसली, रागानंच बसली. मुलगी म्हणाली, "आई, गुडघा कसा आहे?" हिनं दचकून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, जिना चढताना धरतो बघ मेला." मुलगी पडद्याच्या जवळ सरकली. मग दोघी बोलायला लागल्या. तिथली थंडी, इथला टँकर, तिच्या खिडकीतलं बर्फ, वरणाला हिंग मिळतो का, शेजारणीच्या नातवाचं बारसं. मी मधून उठलो तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. किती दिवसांनी मला निरोप पोचवावा लागला नाही.

पडदा काळा झाला. ही तशीच बसून राहिली. मी तुमच्यासारखं विचारलं, "काय ऐकलं, सांग."

"थंडी लई हाय म्हणाली. जावई कामाला लांब गेलेत म्हणाली. मजेत हाय म्हणाली."

"सगळं ऐकलंस की!"

"शब्द ऐकले." ही पेटीकडे बघत होती. "पण मजेत म्हणायच्या आधी तिनं आवंढा गिळला. दोन वेळा. रडून आलेली व्हती ती. तुम्हाला नाय आलं ऐकू?"

"नाही," मी म्हणालो.

हिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग गच्चीवर न जाता आत जाऊन पडली. आता येत्या रविवारी मुलीला सरळ विचारायचं असं हिनं ठरवलं आहे. दिवसातून चारदा येऊन पेट्यांवरची धूळ पुसते आणि म्हणते, वायर निसटली तर नाही ना, बघा.

उस्ताद, माझे कान अजून शाबूत आहेत. तो आवंढा मला त्या माशीसारख्या आवाजातही ऐकू येत होता, दिवाळीच्या आधीपासून. दर रविवारी मी स्वतःला सांगायचो की स्पीकर खराब आहे. चांगले आणले की जाईल.

हे पत्र कुठं पाठवणार? उजव्या पेटीखालचा पाट डुगडुगतो, घडी करून त्याच्याखाली घालीन. पण ही विचारेल आणि मुलगी खरं सांगेल, तेव्हा मी ऐकून काय करायचं, ते मला सुचत नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा. रविवारच्या आत कळवा.