कारखाना सांगेल तिथं शिक्का

आबा,

सुट्टीत कॉम्प्युटर शिकायला म्हणून मावशीकडं कराडला आले, पण रोज दुपारी सायबर कॅफेत बसून इंटरनेटवर अनोळखी माणसांशी राजकारणावर भांडते. सरकार पडल्यापासून तिथं दुसरा विषयच नाही.

काल अमेरिकेतल्या एकानं लिहिलं, तुमच्याकडचे शेतकरी कारखाना सांगेल तिथं शिक्का मारतात. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, माझ्या वडिलांनी मत मागायला आलेल्या कारखान्याच्या चेअरमनला तोंडावर नाही म्हटलं. त्या हंगामात आमच्या रानात ऊसतोडीची टोळी आली नाही, उभा ऊस वाळला, तरी ते त्याच्या दारात गेले नाहीत.

त्यानं लगेच माफी मागितली. वडिलांना माझा नमस्कार सांग, म्हणाला.

तो कसा पोचवू? निघायच्या आदल्या दिवशी जेवताना, सगळं ठाऊक असून, मीही तुम्हाला तेच बोलले होते, कारखाना सांगेल तिथं शिक्का मारता म्हणून. तुम्ही ताट सारून "व्हय बाई, तू शिकल्याली," एवढंच म्हणालात. तेव्हापासून फोन आला की आईच बोलते.

हे पत्र टाकायचा धीर नाही. शनिवारी येतेय. निवडणूक लागणार आहे. माझ्याशी भांडा, आबा, पण गप्प बसू नका.

तुमची शिकल्याली,
अक्षता