नोरीनच्या अंगठ्याचं वजन

प्रिय विन्को,

सव्वीस वर्षं तू मला सांगत आलास, "हेडली, जरा तोंड मिट, गाणं ऐकू दे." अखेर तू स्वतःच ते मिटवलंस. जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. डॉक्टरांनी वरचे दात खालच्या दातांना तारेने बांधून टाकले आहेत. सहा आठवडे भोपळ्याचं सूप आणि बिअर, दोन्ही नळीने. नळीने बिअर पिणाऱ्या माणसाला ब्रोकन हिलसारख्या खाणीच्या गावात उजळ माथ्याने फिरता येत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. तेव्हा घरी बसून लिहितो आहे. गुरुवारी कोर्टात तुझी तारीख. तुझी शेजारीण डार्लीन सांगून गेली की तुरुंग जवळजवळ ठरलेलाच आहे, कारण पोलिसांच्या कागदावर 'विनाकारण हल्ला' असं लिहिलंय आणि कारण विचारलं की तू भिंतीकडे बघत बसतोस. मला तोंड उघडता येत नाही आणि तू उघडत नाहीस. अशा दोन मौनी ऋषींच्या पायी तुला एकसष्टाव्या वर्षी गजांआड जावं लागणार.

तुझ्या मुठीशी माझी ओळख जुनी. फक्त इतकी वर्षं मी तिच्या मागच्या बाजूला उभा असायचो. कॅनबेराला मी संस्कृत शिकवायचो. विद्यार्थी संपले, मग विभाग संपला, आणि मी इथल्या शाळेच्या ग्रंथालयात येऊन पडलो. दुसऱ्याच आठवड्यात क्लबमध्ये खाणीतल्या संपाबद्दल काहीतरी विद्वत्तापूर्ण बोललो. एका आडदांड गड्याने मला गळपट्टी धरून भिंतीवर टेकवलं आणि म्हणाला, "पुस्तकातल्या किड्या, आता परत बोल बघू." तू ग्लास खाली ठेवलास, सावकाश उठलास आणि एकच ठोसा दिलास. ओलं लाकूड मोडावं तसा त्याच्या नाकाचा आवाज झाला. मग रक्ताने माखलेला हात पँटीला पुसत मला विचारलंस, "रेकॉर्ड ऐकतोस का रे?" स्नेहाचं इतकं रक्तबंबाळ निमंत्रण मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. त्या नाकाची नोंद कोर्टात अजून आहे. यावेळी ते तुला सोडणार नाहीत, ते त्यामुळेही.

त्या शनिवारी तुझ्या दारात तुझी बायको नोरीन उभी होती. "पुन्हा मारलंस? कुणाला? बरं, आत ये. आणि तू रे, बारीक माणसा, पाय पुसून ये." आत तुझ्या रेकॉर्ड प्लेअरचा तो हात होता. रेकॉर्डवर सुई धरणारा साधा हात एका टोकाला खिळलेला असतो. तुझा हात कशालाच टेकत नव्हता. केसाएवढ्या भोकांची पितळी नळी, भोकांतून हवा, आणि त्या हवेच्या पातळ थरावर तरंगत तो रेकॉर्डच्या कडेपासून मध्यापर्यंत सरळ सरकत जायचा. खाणीत तू तीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळलास. "दाबलेली हवा म्हणजे साप," म्हणायचास. फुटलेल्या नळीने तुझ्या डोळ्यांदेखत एकाच्या चार बरगड्या आणि कवटी फोडली होती. तोच साप तू घरी आणून माणसाळवला होतास. पंपाचे ठोके गाण्यात ऐकू येऊ नयेत म्हणून हवा आधी आग विझवायच्या जुन्या टाकीत साठवायची. इथली लाल धूळ भोकांत बसली की गिटारच्या सर्वांत बारीक तारेने एकेक भोक साफ करायचं. घर उन्हाने जरा कललं की टेबलाच्या पायाखाली खेळायच्या पत्त्याचा तुकडा सरकवून पातळी साधायची. एवढं करूनही उंच स्वर फिसकारायचे. तू दोन महिने वजनं बदललीस, दोनदा हातोडा भिंतीवर फेकलास. पहिल्यांदा पडलेलं भोक अजून कॅलेंडरमागे आहे. शेवटी नोरीन स्वयंपाकघरातून आली. बालवाडीतल्या मुलांची निळी मेणमाती तिच्या खिशात कायमच असे. तिने वाटाण्याएवढा गोळा काढला आणि हाताच्या मागच्या टोकाला अंगठ्याने दाबून बसवला. "आता लावा." आणि ती गाणारी बाई खोलीत उभी राहिल्यासारखी स्वच्छ गायली. "एक फिटर, एक पंडित," नोरीन म्हणाली, "आणि दोघांना मिळून एक वाटाणा सुचला नाही!" अंगठ्याचा ठसा तसाच राहिला, रेघान् रेघ. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. त्यानंतर तू धूळ पुसायचास ती त्या ठशाला वळसा घालून. मी बघत होतो.

मोतीबिंदूसाठी तू आठवडाभर ॲडलेडला गेलास आणि किल्ली मला दिलीस. "कोंबड्यांना दाणे, टोमॅटोंना पाणी. दुसरं काही करू नकोस." मी दुसरंच केलं. नळी धुतली, गाळणी बदलली, हवेचा दाब किंचित उतरवला, पातळी साधली. ही सगळी सुधारणा चोख होती, तू शांत डोक्याने ऐकली असतीस तर मान्य केली असतीस. मग मेणमाती काढली, काट्यावर ठेवली: एक ग्रॅम आणि वर चौदा शतांश. शेडमधल्या लेथवर तेवढ्याच वजनाचं पितळी कडं कातलं आणि तिच्या जागी बसवलं. आवाज पूर्वीपेक्षा रेशमी झाला. शपथेवर सांगतो.

तू आलास तेव्हा डाव्या डोळ्यावर पट्टी होती. बॅगसुद्धा खाली ठेवली नाहीस. रेकॉर्ड लावलीस, मिनिटभर ऐकलंस, वाकलास. "कुठंय?" मी म्हणालो, "ते चिकटवलेलं ना? बदललं. पितळ आहे, बघ तरी, आवाज ऐक." "हेडली, कुठंय?" मी मूठ उघडून निळी गोळी पुढे केली. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस. पहिला ठोसा जबड्यावर बसला आणि तोंडात चिनीमातीची बशी फुटल्यासारखं झालं. दुसरा कुठे बसला ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी जमिनीवर होतो आणि तू ती लोखंडी टाकी डोक्यावर उचलली होतीस. मला वाटलं, संपलं. तू ती त्या तरंगत्या पितळी हातावर घातलीस. एकदा, दोनदा, पितळ चेपून भुईसपाट होईपर्यंत, सव्वीस वर्षांहून जुन्या कामाचा चुरा होईपर्यंत. नळी सुटली आणि फुत्कारत खोलीभर आपटत राहिली. माझ्या कानाची पाळी तिने फाडली. मग तू पुन्हा माझ्याकडे वळलास, बूट उचललास. डार्लीन कुंपणावरून ओरडत होती, "विन्को, सोड त्याला! मेला तो, मेला!" तुझा बूट हवेत थांबला. तू खाली बसलास आणि माझ्या रक्तात हात घालून ती गोळी शोधू लागलास. ती सापडली, पण ती नुसती गोळीच होती. तेव्हा तू ज्या आवाजात रडलास तो मी याआधी फक्त कत्तलखान्याच्या भिंतीपलीकडून ऐकला होता.

शुद्धीवर आलो तेव्हा कॉन्स्टेबल ब्रॅडी उशाशी वही घेऊन बसला होता. पोरगा भला आहे. "मिस्टर ट्रेंबाथ, एका मातीच्या गोळीसाठी? त्याचं डोकं फिरलं होतं ना?" बोलता येत नव्हतं, म्हणून मी मान हलवली. होकारार्थी. 'विनाकारण' हा शब्द तिथून आला. आमच्या शास्त्रात अजाकृपाणीय न्याय म्हणून एक आहे: बकरी मान खाजवायला खांबापाशी जाते आणि वर लटकलेली तलवार नेमकी तेव्हाच पडते. इस्पितळात पडून मी स्वतःला ती बकरी समजत होतो. तीन आठवडे समजलो. पण बकरीला तलवार दिसलेली नसते.

मला ठसा दिसत होता, विन्को. भिंग लावून पाहिला होता. आता एवढंच लक्षात घे: मेणमाती तोलायला ती वळावी लागत नाही. आकार बदलून वजन बदलत नाही, हे नोरीनच्या बालवाडीतल्या पोरांनाही कळतं. मी ती आधी तोलली, आकडा लिहून घेतला आणि मग दोन्ही तळव्यांत धरून वळली. सावकाश, गुळगुळीत होईपर्यंत. सव्वीस वर्षं दर शनिवारी मी तुमच्या घरी येत होतो, आणि गाण्यासाठी येत नव्हतो. ती तुझ्या वस्तूंवर असे ठसे ठेवून गेली. माझ्याकडे तिचा एक परत केलेला डबासुद्धा नाही. तिला हे कधी कळलं नाही, तुलाही नाही. कळू नये एवढी विद्वत्ता माझ्यात होती. त्या खोलीतला पहिला हल्ला तुझा नव्हता. मी एका माणसाचं राहिलेलं शेवटचं बोट चिरडलं आणि वर त्याला सुधारणा म्हटलं.

हे पत्र तुझ्या पेटीत पडणार नाही. आपण एकमेकांशी संपर्क ठेवायचा नाही असा कोर्टाचा हुकूम आहे, म्हणून ते तुझ्या वकीलबाईंच्या हाती देतो आहे आणि एक प्रत ब्रॅडीला. प्रत्येक पानावर सही केली आहे. गुरुवारी ते न्यायाधीशांपुढे मोठ्याने वाचलं जाईल आणि बाकांवर अर्धं गाव असेल. "शेवटचा भाग गाळायचा का? तुम्हाला इथंच राहायचंय," वकीलबाईंनी दोनदा विचारलं. मी पाटीवर लिहिलं: गाळू नका. तू मात्र त्यांचा हात धरशील, ठाऊक आहे. तिचं नाव त्या खोलीत निघू नये म्हणूनच तू भिंतीकडे बघत बसला आहेस. त्यांना वाचू दे. मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे: या पानांत तिचं नाव फक्त तुझ्याच नावाशेजारी आहे. माझ्या शेजारी कुणीही नाही, शोधून बघ.

तुझाच, तुझी हरकत असली तरी,
हेडली