पिंकीचा ग्रह आन फेज चार

तीर्थरूप विठ्ठलदादा,

माणवरनं तुजी धाकटी भैन रत्ना पाया पडती. गुडघा कसा हाय? वयनींचा खोकला गेला का? (फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस, म्हनून लिवतेय. आता घाल मदी तोंड!)

दादा, आपल्या पिंकीला जर्मनीतल्या कालिजात घेतलंय! लांबच्या ताऱ्यांभवतीचे ग्रह शिकाया! सोमवारपतूर होकार कळवायचाय, आन घरातलं एक मानूस "लई लांब हाय" म्हनून अडून बसलंय. त्येचं मागनं सांगते, आदी ग्रहाचं ऐक.

प्रॉक्सिमा बी त्येचं नाव. एका बारक्या लाल ताऱ्याभवती फिरतोय. वजनाला आपल्या पृथ्वीपरीस जरा भारी, बहुतेक खडकाळ. (पानी हाय का, कुनालाच ठाव न्हाई.) तितला उजेड हितं याया चार वर्सांच्या वर लागत्यात, आन पिंकी म्हनती त्योच सगळ्यात जवळचा! वरीस तर अकरा दिसांचंच. म्हंजी दर अकराव्या दिशी भाऊबीज! हितं वर्साला एकदा याया तुज्या जिवावर येतं, तितं काय करशील? शास्त्रज्ञांना वाटतंय, त्येची एकच बाजू कायम ताऱ्याकडं असावी. अगं बाई, कुरडया घालाव्या आन निवांत बसावं, ऊन हलायचंच न्हाई! पल्याडच्या अंगाला कायम रात. आयटीतली रातपाळीची भाडेकरू पोरं मी तितंच ठेवीन, दिवसा झोप लागत न्हाई म्हनून कुरकुर नगं.

तुज्या दाजींनी ह्यातलं अर्धंच ऐकलं: सगळ्यात जवळ, खडकाळ, कुनी ऱ्हात न्हाई, आन आपल्या पोरीला सगळी म्हायती. चहाच्या टपरीवर छाती फुगवून तेवढंच सांगून आले. झालं! सकाळी दारात जमिनीचे तीन एजंट. हिंजवडीच्या आयटी पार्काची फेज चार तिकडंच व्हनार, असं त्यांनी आपसात ठरवूनबी टाकलेलं. एक म्हनतोय सातबारा दावा, दुसरा म्हनतोय रस्ता किती फुटी. पिंकीनं गच्चीवर नेऊन दक्षिनेला, पार आभाळाच्या कडेला बोट केलं. तिसऱ्याचं तोंडच उतरलं. "दक्षिनेला व्हय? मंग न्हाई खपायची, ताई." मी हसून हसून पायरीवरच बसले.

तर दादा, आइतवारी ये आन त्या मानसाची समजूत घाल. पोरगी लई हरखलीया. तिचा हिरमोड मला बघवायचा न्हाई.

तुजी,
रत्ना

ता. क. येताना शेतातला तांदूळ आन. पोरीच्या बॅगेत द्यायचाय.

ता. क. आनि एक. दाजींवर वरडू नगंस. त्यांनी पैल्याच दिशी हो म्हनून बॅगबी आनलीया. अडून बसलेलं मानूस मीच हाय. चार वर्सांचा उजेड मला समजतो रं, पर पोरीबिगर ह्ये घर मला खाया उठंल. ये, आन मला समजाव. ह्या खेपेला तू बोल, मी मदी बोलायची न्हाई.